बाटलीला भोक पाडण्याआधी: गणिती मॉडेलिंग प्रयोगातून शिकवताना कुठला क्रम धरायचा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला मॉडेलिंगचा विषय असला की बहुतेक वर्गांत एकच चाल दिसते. फळ्यावर समीकरण येतं, ते सोडवलं जातं आणि प्रॅक्टिकलच्या तासाला ते ‘पडताळून’ बघितलं जातं. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे रीडिंगही उत्तराकडे बघत बघत लिहिली जातात. जर्नल देखणं होतं, पण मॉडेल बनवायला कुणी शिकत नाही. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

चूक असते ती क्रमात. खाली तो क्रम एकाच प्रश्नावर लावून दाखवते: बुडाजवळ भोक असलेल्या बाटलीतलं पाणी किती वेळात उतरतं? खर्च जवळजवळ शून्य आणि गणित तिसऱ्या वर्षाला शोभेल इतकं खोल. दोन-दोन तासांची तीन सत्रं धरा. एका सत्रात उरकायचा मोह होतो, पण मग पाचव्या टप्प्यापुढे कुणी जात नाही, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

## तयारी: एक आठवडा आधी

सामान: दोन लिटरची सरळ भिंतीची पारदर्शक बाटली, ४ मिमी आणि ६ मिमीचं ड्रिल बिट, व्हर्निअर कॅलिपर, कागदी चिकटपट्टी, बादली, शाई, मोबाईल आणि फरशी पुसायला दोन फडकी. मध्ये कंबर असलेली किंवा खाचा पाडलेली बाटली नको. पातळी खाचेपाशी आली की बाटलीचं क्षेत्रफळ बदलतं आणि सगळा हिशेब फिसकटतो.

भोक बुडाशी पाडू नका. बाटलीचं बूड खालून वळलेलं असतं, त्यामुळे सरळ भिंत जिथे सुरू होते तिथे, बुडापासून साधारण ४ सेंमीवर पाडा. तापवलेला खिळा खुपसणं सोपं वाटतं, पण त्याने भोकाभोवती वितळलेल्या प्लॅस्टिकची कड उभी राहते. मग ते भोक न राहता छोटी नळी होते आणि पाणी वेगळं वागतं. ड्रिलने पाडा आणि आतबाहेरची कुसळं ब्लेडने काढा.

बाटलीचं आतलं क्षेत्रफळ मोजायला पट्टी लावू नका. ५०० मिली पाणी मोजून ओता आणि पातळी किती चढली ते बघा. आतला व्यास १० सेंमी असेल तर ती ६.४ सेंमीच्या आसपास चढेल.

वर्गात जाण्याआधी अख्खा प्रयोग एकदा स्वतः करा, लिहिण्यासकट. ही पायरी गाळणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. पहिल्या वर्षी मीही गाळली होती. बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं होतं. पाणी गुडगुड करत, थांबत थांबत येऊ लागलं आणि वर्गातल्या तीस जणांच्या चेहऱ्यावर ‘मॅडम, हे कुठल्या समीकरणात बसवायचं?’ असा भाव होता.

## टप्पा १: फक्त प्रश्न द्या

फळ्यावर एकच वाक्य लिहा: ‘ही बाटली किती वेळात रिकामी होईल?’ नियमाचं नाव नको, धड्याचं नाव नको, ‘डिफरन्शियल इक्वेशन’ हा शब्दही नको. तो शब्द उच्चारलात की अर्धा वर्ग डोकं बाजूला ठेवून इंटिग्रेशनला लागतो.

दहा मिनिटं गप्प बसा. ‘रिकामी म्हणजे काय?’ असं कुणीतरी विचारतंच. शेवटी पाणी थेंबाथेंबाने येतं, ते धरायचं की नाही? भोकाखालचं पाणी कधी जाणारच नाही, त्याचं काय? हा प्रश्न वर्गातूनच आला पाहिजे. या चर्चेतून मूळ प्रश्न बदलून मोजता येण्यासारखा होतो: पातळी भोकाच्या वर १६ सेंमी असताना सुरुवात केली, तर ती ४ सेंमीवर यायला किती सेकंद लागतील?

तपासा: प्रत्येक गटाच्या वहीत प्रश्न त्यांच्या शब्दांत आणि एककांसह लिहिलेला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: अंदाज पेनाने, तारीख घालून

सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच. पाण्याला हात लावण्याआधी प्रत्येक गटाने अंदाज कागदावर लिहून, सही करून तुमच्याकडे द्यायचा. पेन्सिल चालणार नाही. नंतर ‘आम्हालाही तेच वाटलं होतं’ म्हणायची सोय ठेवायची नाही.

अंदाजासोबत तीन रकान्यांचा तक्ता मागा: काय धरलं, का धरलं, ते चुकलं तर उत्तर कुठल्या बाजूला सरकेल. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात. तोच भरून घ्या. ‘घर्षण नाही असं धरलं’ एवढ्यावर गुण नाहीत. ‘घर्षण असलं तर वेळ वाढेल’ हे लिहिलं तर आहेत.

साधारण तीन प्रकारची मॉडेलं येतात. एक, पाणी कायम एकाच वेगाने उतरतं. दोन, उतरण्याचा वेग उंचीच्या प्रमाणात असतो. हे सगळ्यांत लाडकं, कारण किरणोत्सर्गापासून चक्रवाढ व्याजापर्यंत मुलांनी तेच समीकरण घोटलेलं असतं. तीन, वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. इथवर पोहोचतात ते ऊर्जेचा विचार केलेले: पृष्ठभागावरचं पाणी जणू त्या उंचीवरून पडून भोकातून बाहेर येतं. तिसरं बरोबर आहे हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नका.

## टप्पा ३: आकडे घालण्याआधी दोन चाचण्या

पहिली चाचणी एककांची. डाव्या बाजूला सेकंद असतील तर उजवीकडेही सेकंदच आले पाहिजेत. वर्गमुळाच्या मॉडेलमध्ये पूर्ण रिकामं व्हायचा वेळ असा येतो: (बाटलीचं क्षेत्रफळ ÷ भोकाचं क्षेत्रफळ) × √(२ × उंची ÷ गुरुत्व त्वरण). पहिला भाग निव्वळ गुणोत्तर आहे, दुसरा सेकंदात येतो. जमलं.

दुसरी चाचणी टोकांची. भोक शून्याकडे गेलं तर वेळ अनंताकडे जायला हवा. भोक बाटलीएवढंच मोठं केलं तर? सूत्र ०.१८ सेकंद देतं, आणि मोकळं सोडलेलं पाणी १६ सेंमी पडायलाही तेवढाच वेळ लागतो. मात्र सूत्र काढताना आपण पृष्ठभागाचा वेग नगण्य धरला होता आणि इथे तो तसा नाही. मग उत्तर बरोबर कसं आलं? हुशार गटाला हा प्रश्न घरी न्यायला द्या.

आता आकडे घाला. व्यास १० सेंमी आणि ४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळांचं गुणोत्तर ६२५. १६ वरून ४ सेंमीवर यायला तिसऱ्या मॉडेलप्रमाणे साधारण ५६ सेकंद. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू नका.

## टप्पा ४: मोजणी

तिघांचा गट करा. एकाचा डोळा पातळीवर, दुसऱ्याचं बोट स्टॉपवॉचच्या लॅप बटणावर, तिसरा लिहिणार. चौथा माणूस फक्त सल्ले देतो.

१. चिकटपट्टी उभी लावून खुणा करा: १६, १२, ८, ४, २. या उंच्या भोकाच्या मध्यापासून मोजायच्या, टेबलापासून नाही आणि बाटलीच्या बुडापासूनही नाही. दर वर्षी निदान एक गट इथे फसतो आणि आलेख वाकडा आला की गणिताला दोष देतो.

२. भोकावर बोट ठेवून १६ च्या थोडं वर पाणी भरा. शाईचे दोन थेंब टाका. पाणी फिरायचं थांबेपर्यंत थांबा, कारण गोल फिरणाऱ्या पाण्याने भोवरा होतो.

३. झाकण काढलंय ना?

४. बोट काढा. घड्याळ बोट काढताना सुरू करायचं नाही, पातळी १६ च्या खुणेवरून जाताना करायचं. मग प्रत्येक खुणेला लॅप. दर दहा सेकंदांनी पातळी वाचण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, कारण डोळा एकाच रेघेवर खिळलेला राहतो.

५. हेच पाच वेळा करा. एकाच वेळी घेतलेल्या ‘सुंदर’ रीडिंगपेक्षा पाच ओबडधोबड रीडिंग चांगली. त्यांतला फरक हाच तुमच्या मोजण्यातल्या अनिश्चिततेचा अंदाज.

सावधान: खोडलेलं रीडिंग खोडरबराने पुसायचं नाही. एक रेघ मारायची आणि बाजूला कारण लिहायचं. ‘बोट घसरलं’ हे कारण चालतं. ‘बाकीच्यांशी जुळत नव्हतं’ हे चालत नाही.

वर सांगितलेल्या मापांच्या बाटलीला, भोकाच्या कडा स्वच्छ असतील तर, साधारण असे आकडे यायला हवेत: १२ सेंमीला २५ सेकंद, ८ ला ५४, ४ ला ९२ ते ९३, २ ला १२० च्या आसपास. तुमचे यापासून फार लांब असतील तर आधी भोक बघा.

## टप्पा ५: आलेखाआधी एक भागाकार

एक्सेल उघडायच्या आत मुलांना फक्त तीन आकडे काढायला सांगा. उंची १६ वरून ८, ८ वरून ४, ४ वरून २ होताना प्रत्येक वेळी किती सेकंद लागले? वरच्या आकड्यांवरून ५४, ३८ आणि २७.

आता तिन्ही मॉडेलं समोर ठेवा. वेग कायम असता तर हे आकडे प्रत्येक वेळी निम्मे झाले असते. वेग उंचीच्या प्रमाणात असता तर तिन्ही सारखेच आले असते. वर्गमुळाचं मॉडेल म्हणतं की प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण ०.७१ पट असेल. ३८ भागिले ५४ करा, २७ भागिले ३८ करा. लाडकं मॉडेल इथे कोसळतं, तेही एका भागाकाराने आणि मुलांच्या स्वतःच्या हातून. तुम्ही सांगून ते पडलं असतं तर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा उभं राहिलं असतं.

मग आलेख. उंची आणि वेळ यांचा वक्र काढून ‘जुळतोय’ म्हणायचं नाही, कारण वक्र डोळ्याला फसवतो. उंचीचं वर्गमूळ उभ्या अक्षावर घ्या, वेळ आडव्या. मॉडेल बरोबर असेल तर सरळ रेघ येते, आणि रेघ वाकली की लगेच कळतं. ग्राफ पेपरवर हाताने काढून घ्या. संगणक दुसऱ्या दिवशी.

सावधान, ट्रेंडलाईन: एक्सेलमध्ये सहाव्या घाताचं बहुपद बसवून ‘मॅडम, आर-स्क्वेअर्ड ०.९९९’ असं सांगणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो (वक्र बिंदूंवर किती चांगला बसला त्याचं हे माप, १ म्हणजे तंतोतंत). मोजके बिंदू आणि सात गुणांक असले की काहीही बसतं. त्याला एवढंच विचारायचं: यातला तिसरा गुणांक बाटलीत कुठे आहे, बोट ठेवून दाखव.

वक्र चांगला बसला म्हणजे यंत्रणा कळली असंही नाही. याचं उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू घेऊन केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ साली आपल्या साथीच्या मॉडेलचा वक्र त्यांवर बसवला. त्यांच्या सूत्राप्रमाणे सतराव्या आठवड्यात शिखर येतं, आठवड्याला ८९० मृत्यू, आणि वक्र आकड्यांवर सुरेख बसतो. पण मॉडेलमध्ये रोग एकाकडून दुसऱ्याकडे थेट जातो, आणि मुंबईत तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरत होता. हे उदाहरण देऊन वर्गाला विचारा: मग बसलेला वक्र नेमकं काय सिद्ध करतो?

## टप्पा ६: ५६ आणि ९२ मधला फरक

रेघ सरळ आली, म्हणजे मॉडेलचा आकार बरोबर. पण कोपऱ्यातला ५६ चा आकडा अजून तिथेच आहे आणि घड्याळ ९२ दाखवतंय. इथे बरेचसे अहवाल ‘घर्षण व मानवी चुका’ असं लिहून मोकळे होतात. हे शब्द माझ्या वर्गात बंद आहेत.

मुलांकडून संशयितांची यादी घ्या. साधारण दोन उरतात.

पहिला संशयित भोकाचं माप. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, त्यामुळे ४ मिमीच्या जागी ४.५ मोजलं तरी क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी चुकतं. भोक प्रत्यक्षात ३.१ मिमीचं असतं तर सगळाच फरक मिटला असता! म्हणून पट्टीने मोजलेल्या व्यासावर काही बोलायचंच नाही. कॅलिपर लावा, नाहीतर ४ मिमीचं बिट भोकातून नेमकं जातं का बघा.

दुसरा संशयित पाणी. भोकाच्या कडेपाशी पाणी चहूबाजूंनी आत वळत येतं, एकदम सरळ होऊ शकत नाही, आणि धार बाहेर पडल्यावर भोकापेक्षा बारीक होते. धारदार कडेच्या भोकाला त्यामुळे प्रवाह आदर्शाच्या साधारण ०.६ पट मिळतो. मोबाईल जवळ धरून धारेचा फोटो काढा, बारीक झालेली कंबर दिसते.

दोघांपैकी कोण, हे ठरवायला दुसऱ्या बाटलीला ६ मिमीचं भोक पाडा. पहिल्या बाटलीत सूत्राचा वेळ भागिले मोजलेला वेळ हे गुणोत्तर ५६ ÷ ९२, म्हणजे ०.६१ आलं. दोष धारेच्या आकुंचनाचा असेल तर तिथेही हे गुणोत्तर ०.६१ च्या जवळच येईल आणि १६ ते ४ साठी साधारण ४१ सेकंद लागतील. दोष मोजमापाचा असेल आणि प्रत्येक भोक ०.९ मिमीने लहान असेल, तर ते गुणोत्तर ०.७२ च्या आसपास निघेल. दोन्ही भाकितं आधी लिहून घ्यायची. टप्पा २ पुन्हा, पेनानेच.

गुणांक जुळवून घेणं आणि गुणांक समजणं यातला फरक मुलांना याच दहा मिनिटांत कळतो. मी यावर अख्खं लेक्चर घ्यायचे, त्याचा काही उपयोग झाल्याचं आठवत नाही.

## टप्पा ७: मॉडेल मोडून दाखवा

आता त्यांना त्यांच्याच सूत्रात ३०० सेकंद घालायला सांगा. वर्गमूळ एकसारखं घटतं, म्हणून उंची = (४ − ०.०२१६ × वेळ) या कंसाचा वर्ग (४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, ०.०२१६ म्हणजे मोजणीच्या रेघेचा उतार). १८५ सेकंदांना शून्य. ३०० ला? सहा सेंमीहून जास्त पाणी. बाटली आपोआप भरायला लागली!

वर्ग हसतो. हसू द्या, मग विचारा की चूक बीजगणिताच्या कुठल्या ओळीत शिरली. ती शिरते वर्ग करताना. वर्गमूळ ऋण असू शकत नाही ही अट तिथे गळून पडते. ऋण व्हायला लागलं त्या क्षणी सूत्राची हद्द संपली. त्यापुढे उंची शून्यच.

पुढचा प्रश्न खास एम.एस्सी.साठी. रिकामी बाटली तुमच्या हातात दिली. ती केव्हा रिकामी झाली, हे सांगता येईल का? पाच मिनिटांपूर्वी की काल? सांगता येत नाही. म्हणजे आत्ताची उंची शून्य, एवढ्या एका अटीतून मागे जाणारी अगणित उत्तरं निघतात. युनिकनेस थिअरम (दिलेल्या अटीतून एकच उत्तर निघतं असं सांगणारा) मोडला. का मोडला, तर शून्यापाशी वर्गमुळाचा उतार अनंत होतो आणि लिपशिट्झ अट (ढोबळमानाने, उतार मर्यादेत राहिला पाहिजे ही अट) पाळली जात नाही. जी अट विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात, ती अशी रिकाम्या बाटलीच्या रूपात टेबलावर दिसते. सगळ्या प्रयोगात मला सर्वांत आवडणारी जागा हीच. घाई करू नका.

तपासा: प्रत्येक गटाने मॉडेल कुठवर चालतं ते एका वाक्यात लिहिलंय का? उदाहरणार्थ, पातळी भोकाच्या अगदी जवळ आली की धार तुटते, पृष्ठताण वरचढ होतो, त्यामुळे तळाची रीडिंग रेघ काढताना धरलेली नाहीत.

## टप्पा ८: अहवाल

चार पानं, जास्त नाही. मूळ सही केलेला अंदाज पहिल्या पानाला जोडलेला हवा. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत, तो नंतर बदलला तर कापायचे. गुणांची वाटणी मी अशी करते: गृहीतकांचा तक्ता ५, मोजणी ५, फरकाचा शोध ७, मॉडेलची हद्द ३. बरोबर उत्तराला वेगळे गुण नाहीत. हे आधीच जाहीर करा, म्हणजे रीडिंग ‘जुळवण्यात’ कुणाचा फायदा राहत नाही.

## पुढचे दोन प्रश्न, थोडक्यात

गरम पाणी. वाफाळतं पाणी कपात ओतून दर मिनिटाला तापमान घ्या. पाण्याचं तापमान वजा खोलीचं तापमान, याच्या लॉगरिदमचा वेळेशी आलेख काढा. पाठ्यपुस्तक म्हणतं सरळ रेघ येईल. उघड्या कपात सुरुवातीला ती जास्त उतरती असते, कारण तेव्हा पाणी वाफ होऊनही बरीच उष्णता नेतं. तोच प्रयोग कपावर बशी झाकून करा आणि दोन्ही रेघा शेजारी ठेवा. दोन चुका टाळा: खोलीचं तापमान एकदाच मोजून विसरणं, आणि पंखा मध्येच लावणं. पंखा पूर्ण वेळ चालू, नाहीतर पूर्ण वेळ बंद.

डब्यातला राजमा. दोन-तीन वाट्या राजमा स्टीलच्या डब्यात घ्या. न मोजता किती दाणे आहेत ते सांगायचं. ५० दाण्यांना नेलपॉलिशचा ठिपका लावा, पूर्ण वाळू द्या (ओले दाणे एकमेकांना चिकटतात), परत टाकून नीट मिसळा आणि न बघता ६० काढा. त्यांत ४ ठिपक्यांचे निघाले तर अंदाज ५० × ६० ÷ ४, म्हणजे ७५०. पण ३ निघाले असते तर १०००. एका दाण्याने अडीचशेचा फरक पडतो. प्रत्येक गटाला वीसदा करायला लावा आणि अंदाजांची वारंवारता मांडा. जंगलातले प्राणी किंवा तळ्यातले मासे मोजतानाही हीच पद्धत वापरतात, तेव्हा एकाच आकड्यावर भरवसा का ठेवायचा नाही ते इथे कळतं.

डबा पालथा करून खरी मोजणी मात्र सगळ्यांचे कागद जमा झाल्यावरच करा. खरा आकडा एकदा फळ्यावर आला की राहिलेल्या गटांच्या मुठीत ठिपक्याचे दाणे नेमके तेवढेच निघायला लागतात.